घरकर्जावरची सरकारी व्याज सवलत: ३६ हजारांचा पहिला हप्ता आल्यावर लिहिते आहे

आमच्या माहेरी-सासरी मिळून स्वतःच्या नावाचं पक्कं घर विकत घेणारी मी पहिली. मिरवायला सांगत नाही, पुढचा निम्मा घोळ त्यातूनच झालाय म्हणून सांगते. ज्यांच्या आईवडिलांनी फ्लॅट घेतलेला असतो त्यांना इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) म्हणजे काय, हे विचारायला घरात माणूस असतो. माझे अण्णा सातपूर एमआयडीसीत कामाला होते. अकरा-अकरा महिन्यांच्या करारांवर आम्ही नऊ खोल्या बदलल्या. त्यांनी आयुष्यात एकच कर्ज काढलं, पतपेढीचं, माझ्या आत्याच्या लग्नाला. त्यामुळे घरकर्ज, अनुदान, मुद्रांक शुल्क हे सगळं मी आणि नवऱ्याने धडपडतच शिकलं.

आम्ही घेतली ती प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधली व्याज अनुदानाची सवलत. १ सप्टेंबर २०२४ पासून ही सुरू झाली आणि त्या तारखेनंतर मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरच्या आत. यात बसलात की कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के व्याज सवलत धरतात. ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार होते आणि पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. म्हणजे वर्षाला ३६ हजार.

घर घेतलं की सरकार २.६७ लाख देतं, असं अजून बरेच जण सांगतात. आधी ती गोष्ट मिटवते. माझ्या मावसभावाला २०१८ मध्ये जुन्या योजनेत जवळपास तेवढी रक्कम एकदम कर्ज खात्यात जमा झाली होती. तेव्हा ६ लाखांवर साडेसहा टक्के, २० वर्षांसाठी, असा हिशेब होता. ती खिडकी मध्यमवर्गाला मार्च २०२१ला आणि कमी उत्पन्न गटाला मार्च २०२२ला बंद झाली. पण आकडा लोकांच्या तोंडात अजून तसाच आहे. आम्ही फ्लॅट बघायला गेलो तिथल्या सेल्सवाल्या मुलाने "मॅडम, दोन सदुसष्ट तर सरकारच देतं" म्हणत कागदावर किमतीतून तेवढी रक्कम वजासुद्धा करून दाखवली. आणि आम्ही पहिल्यांदा ज्या बँकेत गेलो तिथे उलटं. तिथल्या साहेबांनी "ती योजना केव्हाच बंद झाली" म्हणून हात झटकले. दोघांनाही नवी योजना माहीत नव्हती. शेवटी दुसऱ्या बँकेत काम झालं.

आमचा फ्लॅट नाशिकमध्ये, ३१ लाखांचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार इमारतीत. त्यामुळे जीएसटी लागला नाही. कर्ज २२ लाख, २० वर्षांसाठी, डिसेंबर २०२४ मध्ये ८.७५ टक्क्यांनी. हप्ता १९,४४२ रुपये. दोघांचं मिळून उत्पन्न ८ लाख ४० हजार. नवऱ्याची पगारवाढ सहा महिने आधी झाली असती तर कदाचित हे लिहायची वेळच आली नसती.

आता कागदांची कथा. योजनेच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला आधार लागतं, स्वतःचं आणि घरातल्या सगळ्यांचं. माझ्या आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. लग्नाला सहा वर्षं झाली, कधी काही अडलं नव्हतं. इथे अडलं. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅन बदलून घेतलं, त्यात पाच आठवडे गेले. लग्न झालेल्या बायकांनी घर शोधायच्या आधी हे एक काम उरकून टाका, बाकीचं नंतर.

दुसरी अडचण गावच्या घराची. अट अशी की नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कोणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. शिवाय गेल्या २० वर्षांत सरकारच्या कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. सासरचं गावी दोन खोल्यांचं घर आहे. सासऱ्यांनी मधे स्लॅब टाकलाय, म्हणजे ते पक्कंच. बँकेने ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा, मागितला. उताऱ्यावर फक्त सासऱ्यांचं नाव निघालं आणि आम्ही सुटलो. गंमत म्हणजे आदल्याच दिवाळीत सासरे म्हणत होते, "ग्रामसेवक ओळखीचा आहे, पोराचं नाव लावून टाकू." नवऱ्याने कंटाळा केला म्हणून राहिलं. त्याच्या कंटाळ्याचा एवढा फायदा मला लग्नानंतर पहिल्यांदाच झाला.

अर्ज मार्च २०२५ मध्ये भरला. अर्जाला फी नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जण "फाइल काढून देतो" म्हणून आठ हजार मागत होता, दोघांनी दिलेही. त्यांना मिळालं ते पोर्टलवरचं तेच, जे मी जेवण झाल्यावर डायनिंग टेबलवर बसून भरलं होतं. त्यानंतर मात्र खरी वाट बघायची पाळी. पोर्टलवर अर्जाची स्थिती दिसते, पण आमचा अर्ज चार महिने बँकेकडच्या तपासणीतच पडून होता. शाखेत गेलं की "वरून यायचंय", हेल्पलाइनला विचारलं की "बँकेला विचारा". जुलैत मी सगळ्या कागदांचा पुन्हा एक संच लेखी पत्रासह दिला आणि पोच घेतली. त्यानंतर तीन आठवड्यांत अर्ज हलला. पत्रामुळे हलला की हलणारच होता, देव जाणे.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस दुपारी ऑफिसात मेसेज आला. कर्ज खात्यात ३६,००० जमा. हातात काही येत नाही हे लक्षात घ्या, रक्कम थेट मुद्दलातून वजा होते. पगाराच्या खात्यात बघून निराश झालेले लोक मला भेटलेत.

इथे एक मुद्दा जरा सविस्तर लिहिते, कारण आम्हाला तो कोणी सांगितला नव्हता. मुद्दल कमी झालं की बँक दोनपैकी एक करू शकते: हप्ता कमी करणं किंवा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करणं. हप्ता कमी केला असता तर आमचे महिन्याला साधारण ३२० रुपये वाचले असते. खिशात आले कधी आणि गेले कधी, कळलंही नसतं. हप्ता तोच ठेवला तर त्या ३६ हजारांनी शेवटचे सहा-सात हप्ते गळतात, म्हणजे सव्वा लाखाच्या वर. रक्कम तीच, फरक एका अर्जाचा. आम्ही "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लिहून दिलं. पाचही हप्ते वेळेवर आले तर आमच्या हिशेबाने सव्वादोन वर्षांच्या आसपास कर्ज आधी संपेल.

हे ऐकायला छान वाटतं, म्हणून त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. आमचं कर्ज रेपोला जोडलेलं असल्याने आमचा दर ७.७५ झाला. तेवढ्यानेच, हप्ता न बदलता, जवळपास तीन वर्षं कमी झाली. ना अर्ज, ना नमुना आठ. दर पुन्हा वाढले तर तेही जाईल, ते वेगळं. पण ज्यांचं जुनं कर्ज रेपोला जोडलेलं नाही त्यांनी अनुदानामागे पळण्याआधी बँकेत जाऊन तेवढं विचारावं.

आणखी एक. घर फक्त माझ्या नावावर घेतलं, नवरा सहकर्जदार. योजनेचाही आग्रह असा की घर बाईच्या किंवा जोडनावावर असावं. पण महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कातली १ टक्का सवलत मिळायला खरेदीदार फक्त बाईच लागते, नवऱ्याचं नाव आलं की ती गेली. आमचे त्यात ३१ हजार वाचले. नोंदणीच्या दिवशी, जागेवर, कोणाच्या मागे न लागता. म्हणजे अनुदानाच्या जवळजवळ एका हप्त्याएवढे. नवऱ्याच्या मित्रांनी त्याला बरंच चिडवलं. तो म्हणाला, "भाडेकरू म्हणून राहायची सवय आहेच."

तरी त्या दिवशी मुद्रांक शुल्काचे १ लाख ५५ हजार आणि नोंदणीचे ३० हजार भरले. एकूण १ लाख ८५ हजार. पाच वर्षांत सरकार मला देणार १ लाख ८० हजार. मी कोणावर आरोप करत नाहीये, फक्त दोन पावत्या एकाच फाइलमध्ये लावल्यात.

आणि माझी योजनेबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. आमच्यासारख्यांचं अडतं ते हप्त्यावर नाही. भाडं १०,५०० देतच होतो, ओढाताण करून हप्ताही निघतो. अडतं ते सुरुवातीच्या रकमेवर. पदरचे ९ लाख, वरचे १ लाख ८५ हजार, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीची अनामत. शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो रोखच लागतो. दोघांचा पीएफ काढला (घरासाठी काढायला तेव्हा पाच वर्षं सदस्यत्व लागायचं, माझं जेमतेम झालं होतं), माझ्या बांगड्या गहाण ठेवल्या, अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतले दोन लाख दिले. ज्याच्या वडिलांचा एक फ्लॅट आहे तो विकून किंवा तारण ठेवून मुलाला हात देतो. आमच्या आधीच्या पिढीकडे तसं काही नव्हतं, आणि नेमक्या त्या ठिकाणी योजना काही करत नाही. पहिल्याच वर्षी नोंदणीच्या वेळी ९० हजार मिळाले असते आणि बाकीचे नसतेच मिळाले, तरी मी आनंदाने घेतले असते.

३५ लाखांची मर्यादाही शहर बघून ठेवलेली नाही. नाशिकमध्ये घर सापडलं. मुंबईत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी योजनेची माहिती पाठवली, तिने नुसतं हसणारं इमोजी पाठवलं.

बोनस आला की मुद्दलात भरणाऱ्यांनी एक अट वाचून ठेवा. पुढचे हप्ते मिळायला कर्ज खातं चालू हवं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक हवं. आमच्या २२ लाखांत पाच वर्षांत तसं होणं कठीण, पण ९-१० लाखांचं कर्ज घेऊन ते भराभर फेडणाऱ्याचा शेवटचा एखादा हप्ता हुकू शकतो.

मला विचाराल तर योजनेला पाचपैकी तीन गुण. पात्र असाल तर अर्ज जरूर करा, पण घराचं बजेट मांडताना हे पैसे धरू नका.

परवा बँकेत गेले होते. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी मुदत कमी करण्याचं पत्र परत द्यावं लागेल का, ते विचारायला. काउंटरवरच्या मुलाने जरा विचार केला आणि म्हणाला, "देऊन ठेवा मॅडम." देऊन आले. घरी अण्णा आलेले होते, त्यांनी चपला काढायच्या आधी विचारलं, "पोच घेतलीस ना?"