तालुका कोर्टातली लोकअदालत: जा, पण आधी कलमं बघून जा

माझ्याकडून ४ स्टार, एक का कापला ते पुढे येईलच.

बांधावरून भावकीत मारामारी झालेली, दादांचं मनगट मोडलं, केस २०२२ची म्हणजे जुन्या आयपीसीतली (भारतीय दंड संहिता), कलमं ३२३ (साधी दुखापत), ३२५ (हाड मोडण्यासारखी गंभीर दुखापत), ५०४ (मुद्दाम अपमान), ५०६ (धमकी). मग काय तारखांवर तारखा, पंच आला तर साक्षीदार नाही, आणि इकडे दोन्ही घरं लग्नाकार्यात एकाच पंगतीला जेवायला लागलेली. शेवटी वकीलच म्हणाले लोकअदालतीत ठेवू. फी नाही काही.

पुरसिस (कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद) आधीच टाइप करून नेलेली त्यामुळे पुकारा झाल्यावर काम पटकन झालं. एक गोष्ट खरंच आवडली, जज मॅडमनी आरोपींना लांब उभं केलं आणि दादांना टेबलाजवळ बोलवून विचारलं, "काका, कुणाचा दबाव नाही ना? मनापासून मिटवताय ना?" दादा म्हणाले, "भाऊच हाय तो मॅडम, किती दिवस धरून बसू." ३२३ जखमी माणूस स्वतःच मिटवू शकतो पण ३२५ला कोर्टाची परवानगी लागते, म्हणून एवढं विचारलं असणार. कुठली कलमं मिटतात हे पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा) कलम ३२०मध्ये होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम ३५९मध्ये आहे. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटतो. चुलत्यांचा पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला वकिलांनी तिथंच बजावलं की फॉर्ममध्ये केस लपवायची नाही, मिटली असली तरी लिहायची.

आता स्टार का कापला. आमच्या पुढच्या केसला कलम ३२४ (हत्याराने दुखापत) होतं, कोयत्याची जखम, दोन टाके फक्त. सकाळपासून बाकड्यावर बसवून ठेवलं आणि मग सांगितलं की हे इथं मिटत नाही. हाड मोडलेलं मिटतं आणि दोन टाक्यांचं नाही, कारण हत्यार वापरलं की तडजोडीच्या यादीतून बाहेर! अशा केसला हायकोर्टात जाऊन एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या २०१२च्या ग्यान सिंग निकालापासून तो रस्ता पक्का झालाय, खून बलात्कार दरोडा असल्यांना मात्र तोही नाही. पण हे नोटीस काढतानाच बघायला नको का? बिचाऱ्यांची दिवसाची मजुरी बुडाली.

पाण्याची सोय यथातथाच, बाटली घेऊन जा. आणि जेवढे जखमी तेवढे सगळे घेऊन जा, एकट्या फिर्यादीच्या सहीवर भागत नाही, एकांची आत्या आली नव्हती तर त्यांना पुढची तारीख मिळाली.