टीमवरच्या संशोधनाचा नकाशा: सायटेशन मॅप की स्कोपिंग रिव्ह्यू?

टीम कशा चालतात या विषयावर पीएचडी करायला घेतली की आधीचं एवढं संशोधन मांडायचं कसं, इथेच पहिली अडचण येते. वाटा मुख्यतः दोन. सायटेशन मॅपमध्ये कोण कोणाचा संदर्भ देतं हे संगणक मोजतो. स्कोपिंग रिव्ह्यूत निबंध आपण स्वतः वाचतो आणि तक्ता भरतो.

पसारा मोठा असेल तर मॅपला तोड नाही. ओपनअ‍ॅलेक्ससारख्या मोफत डेटाबेसमधून हजारो नोंदी उतरवा, लायडन विद्यापीठात तयार झालेल्या व्हीओएसव्ह्यूअर या नकाशा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. मानसशास्त्र, व्यवस्थापन, रुग्णालयातल्या टीम असे पुंजके लगेच दिसू लागतात. मात्र मोजणी कशाची करता ते आधी ठरवा. हेन्री स्मॉल यांची 1973 ची सहउद्धरणाची पद्धत दोन निबंध पुढच्यांनी एकत्र किती वेळा उद्धृत केले ते पाहते, त्यामुळे अगदी नवा निबंध तिच्यात येतच नाही. केसलर यांची 1963 ची पद्धत दोन निबंधांच्या संदर्भसूचींत समाईक काय आहे ते बघते. सध्या काय चाललंय हे हवं असेल तर केसलरच घ्या.

पण मॅपवरचा मोठा गोल म्हणजे जास्त वेळा उद्धृत झालेला निबंध, भक्कम पुरावा नव्हे, आणि माझा सगळा आग्रह इथे आहे. टकमन यांचा टीमच्या टप्प्यांवरचा 1965 चा निबंध सतत उद्धृत होतो. त्यांनी तपासलेल्या साहित्यात मानसोपचाराच्या गटांचा भरणा होता, आणि ही मर्यादा त्यांनी स्वतःच नोंदवली होती. गोल बघून हे कळत नाही. टीममधल्या मतभेदांचंही तसंच. 2003 मध्ये डी ड्रू आणि वाइनगार्ट यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात) कामावरचे मतभेदही कामगिरीला मारक दिसले. 2012 मध्ये डी विट आणि सहकाऱ्यांना चित्र इतकं सरळ आढळलं नाही. एकत्र उद्धृत होणारे हे दोन्ही निबंध मॅपवर शेजारी बसतात, त्यांच्यातला वाद मात्र दिसत नाही.

तो स्कोपिंगच्या तक्त्यात दिसतो: टीम कुठली, माणसं किती, काय मोजलं, कितीदा मोजलं. स्कोपिंग टप्प्याटप्प्याने कसं करायचं याची आर्क्सी आणि ओमॅली यांची 2005 ची चौकट अजूनही उपयोगी आहे. किंमत वेळेत मोजावी लागते. महिने जातात, निवड पडताळायला दुसरा वाचकही हवा. आणि एखादा उपाय लागू पडतो का, याचं उत्तर यातून मिळत नाही. त्यासाठी मेटा-अ‍ॅनालिसिसच लागतं.

क्षेत्र कसं वाढलं हाच तुमचा प्रश्न असेल तर मॅप पुरेसा आहे. स्वतः टीममध्ये जाऊन मोजमाप करणार असाल तर स्कोपिंगच करा, पण आधी एक छोटा मॅप काढा. प्रत्येक पुंजक्यातले चार-पाच निबंध पूर्ण वाचा आणि त्यात ‘टीम’ऐवजी ‘ग्रुप’, ‘क्रू’ असे कोणते शब्द येतात ते टिपा. जुनं बरंच काम ‘स्मॉल ग्रुप’ या नावाखाली आहे. हे शब्द शोधात घातले नाहीत तर ते हातून निसटेल.