आयएनए२१९: पावसाळाभर वापरल्यावर

खानापूरकडं पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो. तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही शहापुरात लिथियम सेलवरचे छोटे एलईडी दिवे जोडून देतो. एका एलईडीला २ ते २० मिलिअँपिअर. सेल रात्रभर पुरवायचा तर हा आकडा नेमका कळायला हवा, म्हणून आयएनए२१९ या करंट मोजणाऱ्या चिपचं मॉड्यूल घेतलं. पावसाळा सरला, ते अजून टेबलावर आहे आणि राहील.

पण आणलं तसं जोडलं तर या कामाला ते निरुपयोगी. बोर्डावर 'आर१००' छापलेला ०.१ ओहमचा शंट असतो, म्हणजे ज्यावर पडणारं व्होल्टेज मोजून चिप करंट काढते तो रेझिस्टर, ३.२ अँपिअरपर्यंत मोजण्यासाठी. त्यावर एलईडी मोजणं म्हणजे उसाच्या ट्रॉलीच्या वजनकाट्यावर वेलदोडे तोलणं. चिपची मोजण्याची सर्वात लहान पायरी १० मायक्रोव्होल्टची, म्हणजे ०.१ मिलिअँपिअर, तेवढं चाललं असतं. खरी गोम ऑफसेटमध्ये, म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये मिसळणाऱ्या ठरावीक चुकीत आहे. सर्वात लहान म्हणजे ४० मिलिव्होल्टच्या रेंजवरही ए प्रतीच्या चिपचा ऑफसेट १०० मायक्रोव्होल्टपर्यंत असू शकतो. ०.१ ओहमवर तो अख्खा १ मिलिअँपिअर झाला. २ चा एलईडी १ दाखवील, नाहीतर ३.

आर१०० काढून तिथं १ टक्क्याचा १ ओहम बसवला. तोच ऑफसेट आता ०.१ मिलिअँपिअरवर आला. मग १० ओहम का नको? २० मिलिअँपिअरला ०.२ व्होल्ट शंटच खातो. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. सेल उतरत आला की मोजायला जावं आणि दिवाच मंद व्हावा, असं होतं. साध्या ८३० मल्टिमीटरच्या २० मिलिअँपिअर रेंजची हीच रड, त्याच्याही आत १० ओहमच. १ ओहमवर २० मिलिव्होल्ट जातात, दिव्याला पत्ताही लागत नाही.

चिप वाचायची तयार कोड-लायब्ररी ०.१ ओहमच धरून चालते, तेव्हा आलेला आकडा दहानं भागा किंवा कॅलिब्रेशन नव्यानं लिहा. शंट प्लसच्या वायरीत बसतो, त्यामुळं ग्राउंडच्या (मायनसच्या) वायरीला हात लावावा लागत नाही. हे मला फार आवडलं.

दिवा भराभर चालू-बंद करून उजेड कमी करणाऱ्या पीडब्ल्यूएम डिमरवर मात्र आकडे नाचतात. एक रीडिंग ५३२ मायक्रोसेकंदांचं, त्यात कधी दिवा चालू सापडतो, कधी बंद. १२८ रीडिंगांची सरासरी लावली की ६८ मिलिसेकंद लागतात, आकडा स्थिर होतो. सेल किती पुरेल हे बघायला सरासरीच हवी.

नव्यानं घेणाऱ्यानं आयएनए२२६ बघावा: पायरी २.५ मायक्रोव्होल्ट, ऑफसेट जास्तीत जास्त १०. फक्त घेताना बोर्डावरचा शंट वाचा. कुणावर आर१०० असतो, कुणावर आर०१० (०.०१ ओहम), तर कुणावर आर००२ (०.००२ ओहम).