टेक कंपनीत १४ महिने: चूक सगळ्यांसमोर, अप्रेझल बंद दाराआड

रुजू झाले तेव्हाच ठरवलं होतं, वर्षभर तरी कंपनीबद्दल मत बनवायचं नाही. पहिल्या महिन्यात सगळंच छान वाटतं आणि पहिल्या मोठ्या रिलीजच्या आठवड्यात सगळंच नकोसं होतं. आता १४ महिने झाले. दोन अप्रेझल झाली, ऑन-कॉलच्या (रात्री-अपरात्री बिघाड झाला तर धावायच्या) सात पाळ्या झाल्या, टीमची एकदा मोडतोडही झाली. म्हणून आता लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. मी बॅकएंड डेव्हलपर आहे आणि टीम आठ जणांची आहे, एवढं पुरे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट आधी सांगते, कारण मी अजून इथे आहे ती तिच्यामुळे.

तिसऱ्या महिन्यात माझ्या हातून प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी सिस्टीम, अडकलं. डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या टेबलवर एक इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, हवा होता. माझ्या लॅपटॉपवर त्या टेबलात पाचशे ओळी, इंडेक्स डोळ्याची पापणी लवायच्या आत तयार झाला. प्रॉडक्शनमध्ये त्याच टेबलात चार कोटी ओळी होत्या. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये साधी ‘क्रिएट इंडेक्स’ कमांड दिली की इंडेक्स पूर्ण होईपर्यंत टेबलमधला डेटा वाचता येतो, पण नवं काही लिहिता येत नाही. त्यावर ‘कनकरंटली’ हा पर्याय आहे. त्यात वेळ जास्त लागतो, पण लिहिणं थांबत नाही. तो ट्रान्झॅक्शनच्या (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही, अशा गटाच्या) आत चालत नाही, म्हणून मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेत बदल करणारी स्क्रिप्ट) वेगळं काढावं लागतं. यातलं काहीच मला माहीत नव्हतं आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्याही नजरेतून ते निसटलं. ११ मिनिटं एकही ऑर्डर नोंदली गेली नाही. डॅशबोर्डवरची रेघ सरळ खाली आली तेव्हा माझे हात गार पडले होते. शेजारी बसणारा सीनिअर एवढंच म्हणाला, “आधी क्वेरी रद्द कर, बाकीचं मग बघू.”

रात्री घरी बसून मी माफीची मेल लिहिली. ती पाठवायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशीच्या पोस्टमॉर्टेममध्ये, म्हणजे बिघाडाच्या लेखी तपासात, माझं नाव कुठेच नव्हतं, फक्त ‘डेव्हलपरने मायग्रेशन चालवलं’ असं लिहिलेलं होतं. ‘कोणी केलं’ हे कुणी विचारलं नाही. ‘हे इतक्या सहज करता कसं आलं’ यावर तासभर बोलणं झालं. मोठ्या टेबलवर ‘कनकरंटली’शिवाय ‘क्रिएट इंडेक्स’ दिसली तर सीआय (कोड आपोआप तपासणारी यंत्रणा) लाल व्हावं, मायग्रेशनला वेळेची मर्यादा असावी, आणि स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सिस्टीमवर) खऱ्या आकाराच्या जवळ जाणारा डेटा असावा, अशी तीन कामं त्यातून निघाली. पहिलं काम मलाच दिलं. गेल्या महिन्यात एका नव्या मुलाचा पीआर (कोडमधला बदल घ्यावा अशी विनंती) त्याच तपासणीत अडकला. तो माझ्याकडे आला, “हे लाल का होतंय?” मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, माझ्या नावासकट.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला होता. बॅकअपच्या व्यवस्था ऐन वेळी निकामी निघाल्या, सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला, आणि कंपनीने दुरुस्ती चालू असतानाच आपल्या नोंदी जगापुढे उघड्या ठेवल्या. हे मी नोकरीला लागण्याआधी वाचलं होतं आणि तेव्हा तो अपवाद वाटला होता. आपल्याच टीममध्ये तीच वागणूक मिळाल्यावर माझं काम बदललं. मी प्रश्न विचारायला लागले. ‘मला हे कळत नाही’ असं आठ जणांसमोर म्हणायला आता मला काहीही वाटत नाही.

कोड रिव्ह्यूचंही तसंच. ‘हे चुकलंय’ एवढ्यावर कुणी थांबत नाही, का चुकलंय ते लिहितात. दोन-तीन जणांच्या कॉमेंट वाचूनच मी निम्मं काम शिकले. वेळेची मुभा आहे, घरून काम करता येतं, लॅपटॉप चांगला आहे. ते सगळं ठीकच.

आता न आवडलेलं. ही तीच कंपनी आहे, तरी अप्रेझलच्या वेळी ती ओळखू येत नाही.

वर्षातून दोनदा मॅनेजर मंडळी एका खोलीत बसतात, सगळ्या टीममधल्या माणसांची आपसात तुलना करतात आणि रेटिंग ठरवतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. आत काय बोललं गेलं, कुणाच्या कुठल्या कामाचा विचार झाला, कुणी काय आक्षेप घेतला, यातलं काहीच बाहेर येत नाही. हातात येतो एक शब्द आणि दोन वाक्यं. मायक्रोसॉफ्टने सक्तीची क्रमवारी लावणारी पद्धत नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली. आमच्याकडे तशी सक्ती कागदावर नाही, पण वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्याच असतात असं सगळे धरून चालतात आणि ते खोटं आहे असंही कुणी सांगत नाही.

माझ्या टीममधल्या एकाने पाच महिने खपून बिल्डचा (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करून तपासायचा) वेळ ४२ मिनिटांवरून १३ वर आणला. टेस्ट समांतर चालवल्या, कॅशिंग नीट केलं, कधी पास तर कधी फेल होणाऱ्या टेस्ट एकेक करून पकडल्या. आम्ही आठही जण दिवसातून तीन-चार वेळा तो वेळ वाचवत होतो. त्याला रेटिंग मिळालं ‘अपेक्षेइतकं’. कारण लिहिलं होतं, ‘परिणाम ठळकपणे दिसत नाही’. त्याच फेरीत दुसऱ्या टीममध्ये एका फीचरवर प्रमोशन झालं आणि ते फीचर चार महिन्यांत बंद केलं गेलं. प्रमोशन मिळालेल्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही, त्याने सांगितलेलं काम मनापासून केलं होतं. पण डागडुजीच्या कामाला किंमत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. तेव्हापासून अशी टिकेटं कुणी आपणहून उचलत नाही.

ऑन-कॉलही यातच येतं. आठवडाभर फोन जवळ घेऊन झोपायचं. पहिल्या पाळीत मला रात्री तीन वाजता सलग तीन रात्री एकाच अलर्टने उठवलं: डिस्क ८० टक्के भरली. लॉगची साफसफाई सव्वातीनला चालायची आणि डिस्क आपोआप मोकळी व्हायची. म्हणजे उठून करण्यासारखं काहीच नव्हतं. दोन वर्षं प्रत्येक जण तो अलर्ट बंद करून परत झोपत होता. मी साफसफाई एक तास आधी आणली आणि अलर्टची मर्यादा बदलली. काम अर्ध्या दिवसाचं, पण त्यानंतरच्या प्रत्येक पाळीत माणसं त्यामुळे झोपू शकली. गूगलने आपल्या एसआरई (सिस्टीम चालू ठेवणाऱ्या) टीमसाठी अशा ऑपरेशनच्या कामाला निम्म्या वेळेची मर्यादा घालून घेतली, कारण उरलेल्या वेळात ते काम कायमचं कमी करायचं असतं. आमच्याकडे अशी मर्यादा नाही आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाही नाही.

शेअर्स चार वर्षांत मिळतात, पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काहीच नाही. त्यामुळे मन उडालेली माणसंही तारखेची वाट बघत बसतात. मीटिंगा जास्त आहेत. टीमची फेररचना झाली तेव्हा आमचं पाच महिन्यांचं काम एका मेलवर दुसऱ्या टीमकडे गेलं. निर्णय चुकीचा नसेलही, पण ज्यांनी ते काम केलं त्यांना आधी बोलावून सांगायला हवं होतं.

दुसऱ्या अप्रेझलला मी मॅनेजरला सरळ विचारलं, “प्रॉडक्शन पडलं की आपण सगळं लिहून काढतो, सगळ्यांना वाचायला देतो. माझं रेटिंग कसं ठरलं तेही तसंच लिहून का देत नाही?” तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तुझं म्हणणं बरोबर आहे. पण त्या खोलीत मीही एकटाच असतो.” निदान माझ्यापुरत्या नोंदी लिहून देईन असं त्याने कबूल केलं आणि आठवड्याने दीड पान दिलंही. त्यात डिस्कच्या अलर्टचा उल्लेख होता. मला ते फार मोलाचं वाटलं.

कुणी अशा कंपनीत जायचा विचार करत असेल तर मुलाखतीत दोन गोष्टी जरूर विचारा. एक, शेवटचं पोस्टमॉर्टेम कशाबद्दल होतं आणि ते कोणाकोणाला वाचायला मिळालं. दोन, जुनी व्यवस्था नीट ठेवल्याबद्दल शेवटचं प्रमोशन कुणाला आणि कधी मिळालं. पहिल्याचं उत्तर मला मुलाखतीतच मिळालं होतं. दुसरा प्रश्न मला सुचला नव्हता.

बिल्डवर खपलेला तो सहकारी गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेला. जाताना त्याने बारा पानांची नोंद लिहून ठेवली. ती अजून कुणाच्या नावावर लावलेली नाही, आणि काल बिल्डला २१ मिनिटं लागली.