कवलापूरचे लाल गाजर : संक्रांतीच्या बाजारातील एका जुन्या वाणाचे परीक्षण

पौष महिना लागला की सांगलीच्या मंडईत दोन प्रकारची गाजरे शेजारी शेजारी दिसू लागतात. एक आखूड, बोथट टोकाचे, सर्वत्र सारख्या जाडीचे नारिंगी गाजर, जे वर्षभर मिळते. आणि दुसरे लांब, खाली निमुळते होत गेलेले, लालसर रंगाचे गाजर, जे थंडीबरोबर येते आणि उन्हे तापू लागली की दिसेनासे होते. हे परीक्षण या दुसऱ्या गाजराचे, म्हणजे कवलापूरच्या गाजराचे आहे. कच्चे खाण्यासाठी, भोगीच्या भाजीसाठी आणि हलव्यासाठी या भागात त्याहून चांगले गाजर मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते पारखून घ्यावे लागते, लवकर संपवावे लागते, आणि नारिंगी गाजराला लावतो ती फूटपट्टी त्याला लावून चालत नाही, कारण ही दोन गाजरे एकाच वनस्पतीच्या इतिहासातील दोन वेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आली आहेत.

कवलापूर हे मिरज तालुक्यातील गाव सांगलीहून तासगावकडे जाताना लागते. तासगाव म्हटले की द्राक्षे आणि सांगली म्हटले की हळद, अशी या जिल्ह्याची ओळख बाहेर पक्की झालेली असल्यामुळे त्याच पट्ट्यातील एक गाव गाजरासाठी ओळखले जाते, हे जिल्ह्याबाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते. संक्रांतीच्या आसपास गाजराला जी मागणी येते ती सणाची असते. सुगडात घालायला, वाणात द्यायला आणि भोगीच्या भाजीत पावटा, वांगी, ओला हरभरा, बोरे यांच्या जोडीला गाजर लागतेच. त्यामुळे या दिवसांत ग्राहक फारशी पारख न करता घेतो, आणि नेमके तेव्हाच पारखून घेणे आवश्यक असते. त्याविषयी पुढे लिहिले आहेच. आधी हे गाजर मुळात कोणत्या घराण्यातले, ते पाहू.

गाजर हे कोथिंबीर, जिरे, ओवा आणि बडीशेप यांच्या कुळातले आहे. त्याचा पाला चुरगाळून वास घेतला किंवा छत्रीसारखा फुलोरा पाहिला की हे नाते लगेच पटते. रानगाजराचे मूळ पांढरट, बारीक आणि चिवट असते, आणि प्राचीन भूमध्य प्रदेशात गाजराच्या मुळापेक्षा त्याच्या सुगंधी बियांचा औषधी उपयोग अधिक होता. खाण्यासाठी मूळ पोसणारे गाजर माणसाने मध्य आशियात, आजचा अफगाणिस्तान आणि इराण यांच्या परिसरात घडवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी पिकांच्या उगमस्थानांचा जो आराखडा मांडला, त्यात गाजराचे घर मध्य आशियातच होते. २०२३ साली ६३० निरनिराळ्या गाजरांच्या जनुकीय संचांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानेही गाजराचे माणसाळणे पश्चिम आणि मध्य आशियात, साधारण इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांदरम्यान झाले, असाच निष्कर्ष काढला. ही आरंभीची गाजरे जांभळी आणि पिवळी होती.

तेथून गाजराच्या दोन वाटा झाल्या. पश्चिमेकडे ते अरबांबरोबर स्पेनपर्यंत गेले. सेव्हिलचा शेतीविषयक लेखक इब्न अल्-अव्वाम याने बाराव्या शतकात लाल आणि पिवळ्या अशा दोन गाजरांचे वर्णन केले असून, त्यातले लाल अधिक रसाळ असल्याचे तो नोंदवतो. पुढे ते फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पोहोचले, आणि पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या सुमारास पश्चिम युरोपात पांढऱ्या आणि पिवळ्या गाजरांच्या संकरातून नारिंगी गाजर पुढे आले. नारिंगी रंगासाठी तीन विशिष्ट जनुकांचे काम बंद पडावे लागते, असे वरील अभ्यासात दिसून आले. म्हणजे तो रंग एकदा नजरेस पडल्यावर त्याच रोपांचे बी पिढ्यान्‌पिढ्या धरत राहिल्याशिवाय टिकला नसता. डच लोकांनी ऑरेंजच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ हे गाजर तयार केले, ही गोष्ट वारंवार सांगितली जाते, परंतु तिला समकालीन पुरावा नाही. डच बागायतदारांचा खरा वाटा नारिंगी वाण स्थिर करण्याचा आणि सुधारण्याचा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील विल्मोरिन या बियाणे घराण्याच्या काळात बोथट टोकाचे, कोवळ्या दांड्याचे (म्हणजे मधल्या गाभ्याचे) ‘नँटीस’ गाजर प्रसिद्धीस आले. आज आपल्याकडे दुकानात पिशवीत भरून मिळणारे नारिंगी गाजर या पश्चिमी घराण्यातले आहे.

दुसरी वाट पूर्वेची. भारत, चौदाव्या शतकापर्यंत चीन आणि सतराव्या शतकात जपान, असा तो प्रवास आहे. या शाखेतली गाजरे जांभळी, पिवळी आणि लाल राहिली. उत्तर भारतात कांजी या आंबवलेल्या पेयासाठी वापरले जाणारे काळे गाजर याच शाखेतले. त्याचा रंग जांभळाला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या वर्गातलाच आहे. लाल गाजराचा रंग मात्र मुख्यतः टोमॅटोला लाल करणाऱ्या लायकोपीनमुळे येतो. जपानमध्ये ‘किंतोकी’ नावाचे लांब लाल गाजर नववर्षाच्या जेवणासाठी आवर्जून आणले जाते. आपल्या संक्रांतीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही, तरीही हिवाळ्यात गोडीला येणारे लाल गाजर दोन दूरच्या देशांत वर्षारंभीच्या सणाशीच बांधले जावे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कवलापूरचे गाजर घरी आणल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती त्याचा रसरशीतपणा. ताज्या गाजराचा चावा घेतला की ते मोडताना स्वच्छ आवाज येतो, आणि गोडीबरोबर ओव्याची आठवण करून देणारा एक मंद वास जिभेवर राहतो. नारिंगी गाजराची गोडी अधिक सपाट असते. त्याचे मांस घट्ट असल्याने ते सुरीखाली नीट राहते आणि सूप, पुलाव किंवा चायनीज भाज्यांत आकार धरून ठेवते. लाल गाजर शिजताना लवकर मऊ पडते. भोगीच्या भाजीत तिळाच्या कुटाच्या रश्शात ते विरघळू लागते आणि रश्शाला गोडसर दाटपणा देते, ही मला त्याची सर्वांत मोठी गुणवत्ता वाटते. बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी खाताना वेगळा गूळ घालण्याची गरज पडली नाही. कोशिंबिरीसाठी किसले तर पाणी सुटते, म्हणून मीठ अगदी वाढताना घालावे. हलव्यात दूध आटताना हे गाजर दुधात चांगले मुरते, रंग गडद येतो आणि साखर कमी लागते. लोणच्यासाठी मात्र मी त्याची शिफारस करणार नाही. फोडी फार लवकर लिबलिबीत होतात, आणि तेथे नारिंगी गाजरच घ्यावे.

पोषणाच्या बाबतीत लाल गाजराविषयी बाजारात जे बोलले जाते त्यात थोडी दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते. डोळ्यांसाठी गाजर चांगले, हे खरे आहे, कारण शरीर गाजरातल्या बीटा कॅरोटीनचे रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वात करते. हे कॅरोटीन १८३१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख वाकेनरोडर यांनी प्रथम गाजरातूनच वेगळे केले. परंतु लायकोपीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनत नाही. त्यामुळे केवळ ‘अ’ जीवनसत्त्वासाठी गाजर खायचे असेल तर गडद नारिंगी गाजर वरचढ ठरते, आणि ते मान्य करण्यात लाल गाजराचा काही अवमान नाही. दोन्हींतली ही रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थासोबत आणि शिजवून खाल्ल्यास शरीराला अधिक मिळतात, म्हणून तूप घातलेला हलवा किंवा तिळाचा कूट घातलेली भाजी ही पोषणाच्या दृष्टीनेही योग्य रीत आहे. गाजर खाऊन रात्रीच्या अंधारात अधिक दिसू लागते, ही समजूत मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश प्रचाराने जगभर पसरवली. जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने रात्री पाडलेल्या शत्रूच्या विमानांचे श्रेय तेव्हा गाजराला देण्यात आले होते. विमानात बसवलेले रडार जाहीर होऊ द्यायचे नव्हते.

आता बियांविषयी, कारण माझ्या मते या गाजराची खरी किंमत तेथे आहे. युरोपीय नारिंगी वाणांना फुलोरा येण्यासाठी काही आठवडे दहा अंश सेल्सियसच्या खालची थंडी लागते, जी सांगली-सातारच्या मैदानी हिवाळ्यात मिळत नाही. म्हणून अशा वाणांचे बी हिमाचलातील कुल्लू खोऱ्यासारख्या थंड भागात तयार करावे लागते, आणि भारतीय कृषी संशोधन संस्थेचे केंद्र त्यासाठी त्या खोऱ्यातील कटराईन येथे आहे. पूर्वेकडची लाल गाजरे मैदानातच फुलतात आणि बी धरतात. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून मी गाजरे घेतली त्यांनी ‘बी घरचंच हाय’ असे सांगितले, आणि त्या तीन शब्दांमागे फार मोठे काम आहे. काढणीच्या वेळी सरळ, एकसारख्या रंगाची, बारीक दांड्याची गाजरे बाजूला काढायची, त्यांचा पाला आणि खालचा भाग छाटायचा, वरचा भाग पुन्हा लावायचा आणि फुलोरा वाळेपर्यंत सांभाळायचा, असे ते काम असते. गाजराचे परागीभवन मधमाश्या करतात, त्यामुळे जवळ दुसऱ्या वाणाचे गाजर फुलले तर बी भेसळते. पायाभूत बियाण्यासाठी, म्हणजे ज्यापासून पुढचे बी वाढवले जाते त्यासाठी, दोन वाणांत एक किलोमीटर अंतर राखावे लागते, ते त्याचमुळे. एकाच गावात बहुतेकांनी एकाच प्रकारचे गाजर लावले तर बी शुद्ध ठेवणे सोपे जाते, हा गाजरगावाचा एक फायदा सहसा कोणी मोजत नाही.

भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा केसर’ हे वाण स्थानिक लाल गाजर आणि नँटीस यांच्या संकरातूनच तयार केले, आणि नंतरचे ‘पुसा रुधिरा’ हे गडद लाल वाणही देशी शाखेतले आहे. गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातील वल्लभभाई मारवाणिया यांनी १९४०च्या दशकात, जनावरांना चारा म्हणून घातले जाणारे गाजर माणसांच्या बाजारात आणले आणि निवड करीत ‘मधुवन’ वाण घडवले; त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. स्थानिक गाजर हे केवळ जुने म्हणून जपायचे नसून सुधारणेचा कच्चा माल म्हणून जपायचे असते, याची ही दोन उदाहरणे मला कवलापूरच्या संदर्भात महत्त्वाची वाटतात. या गाजराला स्वतःच्या नावाने, निवडलेल्या आणि तपासलेल्या बियाण्याच्या रूपात ओळख मिळावी, अशी माझी तीव्र इच्छा आहे.

तक्रारीही आहेत. पहिली, एकसारखेपणाची. एकाच ढिगात गडद लाल, फिकट आणि मध्ये पिवळा जाड दांडा असलेली गाजरे मिसळलेली आढळली, आणि ती चवीलाही वेगवेगळी होती. दुसरी तक्रार विक्रीची आहे. शहरातल्या एका विक्रेत्याकडून कवलापूरचे म्हणून घेतलेले गाजर घरी कापल्यावर कोरडे आणि लाकडासारखे निघाले; नावाला पुरावा नसल्याने ग्राहकाला डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. तिसरी बाब धुण्याची. धुतलेले गाजर ढिगात उठून दिसते, पण धुताना साल खरवडली गेली तर ते दुसऱ्याच दिवशी काळपट पडू लागते. घरी ठेवायचे असेल तर माती लागलेले घ्यावे, पाला लगेच कापून टाकावा, कारण तो गाजरातले पाणी ओढत राहतो, आणि ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावे. तरीही नारिंगी गाजराइतके ते टिकणार नाही.

पारखताना वरचा देठाकडचा भाग पाहावा. तो हिरवा असेल तर गाजराचे डोके मातीबाहेर उन्हात राहिले होते, आणि तेवढा भाग कडवट लागतो. फाटे फुटलेले गाजर टाकाऊ नसते. जमीन घट्ट किंवा खडेदार असली, अथवा न कुजलेले शेणखत पडले की फाटे फुटतात, चवीत त्याने फरक पडत नाही, फक्त सोलण्याचे काम वाढते. उभी तडकलेली गाजरे पाण्याच्या अनियमित पाळ्यांमुळे तशी होतात आणि ती त्याच दिवशी वापरावीत. अंगावर पांढऱ्या बारीक मुळ्यांचे केस दिसत असतील तर ते जून झालेले आहे, असे समजावे. शक्य असल्यास एक गाजर विक्रेत्यासमोरच मोडून पाहावे. बारीक आणि लालसर दांडा असलेला ढीग घ्यावा, जाड पिवळा दांडा असलेला सोडावा.

काळाची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. गाजराला रंग आणि गोडी साधारण १५ ते २० अंशांच्या गारव्यात उत्तम येते, त्यामुळे हंगामाच्या अगदी सुरुवातीचे गाजर फिकट असते आणि संक्रांतीपासून जानेवारी अखेरपर्यंतचे सर्वांत चांगले निघते. सणाच्या आदल्या दोन दिवसांत भाव चढतो आणि निवडायला वाव राहत नाही. हलव्यासाठी मोठी खरेदी करायची असेल तर संक्रांत उलटून गेल्यावर करावी. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दांडा जाड होऊ लागतो, झाड फुलोऱ्याच्या तयारीला लागलेले असते, आणि तेव्हापासून पुढच्या थंडीपर्यंत स्वयंपाकघरात नारिंगी गाजर वापरणेच योग्य.