सिंगल-स्पीड सायकलसाठी स्वस्तातली चाकजोडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

रोज कामावर जाण्यायेण्यासाठी मी जी सिंगल-स्पीड (एकाच गिअरची) सायकल वापरतो, तिच्या मागच्या चाकाचा स्पोक सहा महिन्यांत तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा आणखी एक स्पोक घालत बसण्यापेक्षा चाकेच बदलावीत असे मी ठरवले. एखादा स्पोक तुटणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. पण एकाच बाजूचे तीन स्पोक हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणात तुटतात, तेव्हा उरलेलेही थकलेले आहेत असे समजावे. जुन्याच हबवर नवी रिम बांधून घेण्याचा विचारही करून पाहिला. मात्र हब उघडल्यावर कोनच्या, म्हणजे बेअरिंगचे छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या भागाच्या, गुळगुळीत पृष्ठभागावर छर्‍यांनी पाडलेले खड्डे दिसले आणि तो मार्ग बंद झाला. खर्चाबाबत माझी अट एवढीच होती की, आज सायकल विकली तर जे पैसे येतील त्याहून अधिक चाकांवर घालायचे नाहीत.

या अटीत बसलेली जोडी यंत्रावर बांधलेली, तयार मिळणारी होती. ६२२ मिमी मापाची दुहेरी भिंतीची अ‍ॅल्युमिनियमची रिम, प्रत्येक चाकात २ मिमी जाडीचे ३२ स्टेनलेस स्पोक, साधे कप-कोनचे हब, नटांचे एक्सल (चाकाचा आस) आणि मागच्या हबला दोन्ही बाजूंनी आटे, असे तिचे स्वरूप आहे. आठ महिन्यांनंतर माझे मत असे की, या किमतीत रिम आणि स्पोक अपेक्षेपेक्षा चांगले मिळाले, पण चाक बांधून पूर्ण झालेले मात्र मिळाले नाही. शेवटचे तास-दीड तासाचे हातकाम स्वतः करण्याची किंवा जाणत्या कारागिराकडून करवून घेण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनीच ही खरेदी करावी.

खरेदीपूर्वी मापे घेणे अत्यावश्यक आहे आणि इथे इंचांच्या नावांवर अजिबात विसंबू नये. ‘अठ्ठावीस इंची’ या एकाच नावाखाली ६२२ आणि ६३५ अशा दोन वेगळ्या मापांच्या रिम येतात, आणि एकीचा टायर दुसरीवर नीट बसत नाही. टायरच्या कडेला ‘३२-६२२’ असा जो आकडा छापलेला असतो, त्यातला दुसरा भाग म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, आणि तोच जुळला पाहिजे. जुन्या धाटणीच्या ६३५ च्या सायकलला ६२२ चे चाक लावायचे झाल्यास ब्रेकचे रबर साडेसहा मिमी खाली सरकवावे लागते, आणि ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा आहे की नाही हे आधीच पाहून ठेवावे. दुसरे माप मागच्या चिमट्याच्या, म्हणजे मागचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसते त्यांच्या, आतल्या रुंदीचे. सिंगल-स्पीड सायकलींत ती बहुधा ११० किंवा १२० मिमी असते, तर गिअरच्या सायकलींच्या फ्रेममध्ये १३० किंवा १३५ आढळते. स्टीलची फ्रेम दोन-चार मिमी ताण सहन करते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र असा प्रयोग करू नये.

गिअरच्या सायकलीचे जुने चाक घेऊन त्यावर वायसरसारख्या कड्या भरून एकच दातेरी चक्र बसवण्याचा पर्यायही माझ्यासमोर होता आणि तो याहून स्वस्तात पडला असता. तो मी नाकारला, कारण सिंगल-स्पीड चाकाचे खरे बळ त्याच्या दोन्ही बाजू सारख्या असण्यात आहे. गिअरच्या चाकात उजवीकडे चक्रांच्या गठ्ठ्याला जागा द्यावी लागते, त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे आणि खूप ताणलेले, तर डावे तिरपे आणि त्या मानाने सैल राहतात. खड्ड्याच्या प्रत्येक धक्क्याला हे सैल स्पोक ढिले होऊन पुन्हा ताणले जातात आणि थकून तुटतात. सिंगल-स्पीडच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण जवळपास समान ठेवता येतो, म्हणून साधी ३२ स्पोकची रिमही रोजच्या रपेटीला पुरते. मागे कॅरिअरवर नेहमी जड ओझे असेल, तर ३६ स्पोक घ्यावेत. २० किंवा २४ स्पोकची, उंच कडेच्या रंगीत रिमची चाके दिसायला देखणी असतात. पण त्यांतला एक स्पोक तुटला की रिम इतकी हलते की ब्रेकला अडकून सायकल हातानेच ढकलत न्यावी लागते.

खोक्यातून चाके काढली तेव्हा रिम बाजूने पाऊण मिमीच्या आत सरळ फिरत होती, त्यामुळे पाहणाऱ्याला काही खोट दिसली नसती. पण मी एकाच बाजूचे स्पोक एकापाठोपाठ एक बोटाने छेडत गेलो, तेव्हा तंतुवाद्य लागलेले नसताना जसे ऐकू येते तसे ऐकू आले : दोन खणखणीत, एक मध्यम आणि चौथा नुसताच ‘थड’ करणारा. म्हणजे आउट (रिमचा बाजूचा हेलकावा) काढलेला होता, परंतु काही स्पोकवर दुप्पट भार टाकून. सगळ्या निपलांवर (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांवर) तेलाचा थेंब सोडून सैल स्पोक अर्धा-अर्धा आटा आवळले, फार ताठ असलेले तेवढेच सोडले, आणि मग समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबल्या. या दाबण्यासरशी कड्‌कड्‌ आवाज येतात. पीळ बसलेले स्पोक मोकळे होत असतात. हे न करता चाक रस्त्यावर नेले, तर तेच आवाज पहिल्या खड्ड्यात येतात आणि चाकाला पुन्हा आउट येतो.

हबचीही तीच कथा. एक्सल दोन बोटांत धरून फिरवला, तर बारीक वाळूतून फिरवल्यासारखा खरखरत होता, कारण कोन गरजेपेक्षा घट्ट आवळलेले होते आणि ग्रीस नावापुरते लावलेले होते. मागे प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे आणि पुढे ३/१६ इंची १० छर्रे अशी नेहमीची रचना असल्यामुळे ते काढून, पुसून, नवे ग्रीस भरून पुन्हा बसवणे कठीण नाही. सीलबंद बेअरिंगपेक्षा स्वस्त चाकात मला हीच रचना अधिक पसंत आहे. ती उघडता येते आणि सुधारता येते.

एक चूक मात्र माझ्या लक्षातून सुटली. विक्रेत्याने रिमच्या आत घातलेली पट्टी पातळ रबराची आणि अरुंद होती. दुसऱ्याच आठवड्यात ट्यूब पंक्चर झाली. छिद्र टायरकडच्या अंगाला नसून आतल्या अंगाला होते, आणि त्याभोवती ट्यूबला वाटाण्याएवढा फुगवटा आला होता. दुहेरी भिंतीच्या रिमला आतून मोठी भोके असतात. हवा भरल्यावर ट्यूब त्यांत घुसते आणि कडेवर कापली जाते. तेव्हापासून कापडी पट्टी घातली आहे आणि तसे पंक्चर पुन्हा झालेले नाही.

जुने चाक मोडीत काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो : स्पोक कापण्याआधी फ्रीव्हील (पायडल थांबवले तरी चाक फिरू देणारे मागचे दातेरी चक्र) काढून घ्यावे. पायडलचा प्रत्येक दाब ते हबवर आणखी आवळत असतो, त्यामुळे ते सुटण्यासाठी जबर ताकद लागते, आणि ती लावताना धरायला रिमसारखे मोठे काही नसेल तर उघड्या हबशी झटापट करण्यावाचून इलाज राहत नाही. नव्या हबवर चढवताना आट्यांना भरपूर ग्रीस लावावे. माझ्याकडे नवे चाक बसवल्यावर मागचे चक्र पुढच्या चक्राच्या रेषेपेक्षा दोन मिमी बाहेर आले आणि चेन कुरकुरू लागली. एक्सलवरचा दोन मिमी जाडीचा वायसर डावीकडून उजवीकडे घेतला, तेव्हा चेन सरळ झाली. मात्र हबबरोबर रिमही डावीकडे सरकली, म्हणून उजवे स्पोक थोडे आवळून आणि डावे तेवढेच सोडून तिला पुन्हा मध्यावर आणावे लागले.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत, त्यात भर पावसाचे दिवसही आले, एकही स्पोक तुटलेला नाही. चौथ्या महिन्यात मागच्या चाकाचे तीन निपल पाव आटा फिरवले, तेवढीच डागडुजी. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागण्यातला फरक तर पहिल्याच दिवशी जाणवला, कारण माझी जुनी पुढची रिम क्रोमच्या मुलाम्याची स्टीलची होती आणि भिजल्यावर तिच्यावर रबर नुसते घसरत असे. उणिवा आहेतच : एक्सलचे नट पहिल्याच पावसात गंजले, हबच्या तोंडावरचे रबरी झाकण पाणी अडवत नाही, आणि रिमच्या भोकांना धातूच्या कड्या नसल्याने फार ताण देण्याची भीती वाटते. नट मी बदलले. मागच्यासाठी १५ नंबरचा पाना पिशवीत असतोच.

ज्यांचे वजन किंवा ओझे जास्त आहे, त्यांनी मागचे चाक हाताने बांधून घेण्यासाठी पैसे साठवावेत आणि पुढचे चाक या जोडीतलेच घ्यावे, असे मी सुचवेन. पुढच्या चाकावर भार कमी येतो आणि तिथे यंत्राचे बांधकाम चालून जाते. माझ्या पुढच्या चाकाला पहिल्या दिवसानंतर स्पोकची चावी लागलेली नाही.