कस्टम सिंगल-स्पीड सायकल, आठ महिन्यांनंतर: मुख्यतः चेनलाईनबद्दल

फ्रेम मापाप्रमाणे बनवून घेतली, बाकीचे पार्ट एकेक निवडून जोडून घेतले. बसण्याची पोझिशन पहिल्या दिवशी जमली, ती आजवर बदलावी लागलेली नाही. टायर, ब्रेक, हँडल, कशाबद्दलच तक्रार नाही. लिहायला बसलोय ते चेनलाईनसाठी, म्हणजे चेन पुढून मागे किती सरळ धावते त्यासाठी, कारण पहिले साडेपाच महिने मला या सायकलवर दुसरं काही ऐकूच आलं नाही.

पायडलवर जोर दिला की करकर, जोर सोडला की बंद. चढावर जास्तच. जोडणी करून देणाऱ्याकडे दोनदा नेली. ‘सिंगल-स्पीडला एवढा आवाज असतोच, चेन बसेल हळूहळू,’ असं म्हणून दोन्ही वेळा तेल टाकून परत दिली. याचा मला अजून राग आहे. एकच गिअर घ्यायचा तो चेन सरळ धावावी म्हणून. तिथे आवाज ‘असतोच’ कसा?

तिसऱ्या महिन्यात चढावर उभं राहून जोर देताना चेन उतरली. पडलो नाही, पण धास्ती बसली. मग मागचं चाक ओढून चेन घट्ट केली. चेन उतरायची थांबली, पण क्रँक (पायडलचा दांडा) एका ठिकाणी जड फिरायला लागला. चेनरिंग (पुढची दातेरी चकती) सहसा शंभर टक्के केंद्रात नसते, त्यामुळे प्रत्येक फेरीत चेन कुठेतरी ताणते आणि कुठेतरी सैल होते. जिथे सगळ्यात जास्त ताणते तिथे मधोमध वर-खाली साधारण एक सेंटीमीटर खेळ हवा. तो मी ठेवलाच नव्हता. चेन परत सैल केली आणि पदरमोड करून नवी, महागातली चेन टाकली. दोन आठवडे शांतता, मग पुन्हा करकर. ते पैसे वाया गेले.

तेव्हा माझं मत होतं की फ्रेमच वाकडी आहे. दोरा लावून पाहिला: मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती खाच) हेड ट्यूबला (हँडलखालची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणायचा आणि सीट ट्यूबपासून (सीटखालची नळी) दोन्हीकडचं अंतर मोजायचं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. फ्रेम बनवणाऱ्यावर घेतलेला संशय मी इथेच मागे घेतो.

खरी गोष्ट कळली ती चेनरिंगचे दात पुसताना. चेनरिंगच्या दातांची बाहेरची बाजू घासून आरशासारखी झाली होती, आतली काळीच. मागे फ्रीव्हीलवर (मागच्या चाकाची दातेरी चकती) नेमकं उलटं, स्पोककडची बाजू चमकत होती. म्हणजे पुढून निघालेली चेन मागे जाताना आतल्या बाजूला ओढली जात होती.

मग सायकलच्या मधल्या रेषेपासून दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर पुढे आणि मागे व्हर्नियरने (बारीक माप घेणारं साधन) मोजलं; दोन्ही सारखी असली की चेन सरळ. पुढे सीट ट्यूबच्या कडेपासून दातांच्या मध्यापर्यंत 32.2 मिमी, त्यात 28.6 च्या ट्यूबचा अर्धा भाग, 14.3, मिळवला: 46.5. मागे हब (चाकाचा मधला भाग) दोन्ही टोकांच्या लॉकनटमध्ये 120 मिमीचा, म्हणजे अर्धं 60. त्यातून लॉकनटपासून फ्रीव्हीलच्या दातांपर्यंतचे 18 वजा केले: 42. साडेचार मिलिमीटरचा फरक! मागच्या चाकाचं रिम बरोबर मध्यावर होतं, म्हणून बघणाऱ्याला सगळं सरळ वाटायचं. चाक सरळ असणं आणि चेन सरळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं.

फ्रीव्हीलमागे स्पेसर घालून ते बाहेर काढावं असं आधी डोक्यात आलं, कारण स्वस्त पडलं असतं. पण साडेचार मिमी बाहेर काढलं तर धरायला आटे किती उरणार? तो विचार सोडला. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो भाग) 118 मिमीच्या स्पिंडलचा, म्हणजे आसाचा, होता, त्याजागी 110 चा घेतला. स्पिंडल दोन्ही बाजूंना सारखा असेल तर आठ मिमी कमी केल्यावर चेनरिंग चार मिमी आत येते. घेण्याआधी चेनरिंग आणि चेनस्टेमधली (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) फट मोजली. ती नऊ होती, पाच उरणार होती, चालण्यासारखं होतं. ही फट मोजल्याशिवाय स्पिंडल विकत घेऊ नका.

काम घरीच केलं. क्रँक पुलरने काढला. बॉटम ब्रॅकेटच्या उजव्या कपाचे आटे सहसा उलटे असतात, तो सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचा. माझा पाना आधी दोनदा सटकला. क्रँकचे बोल्ट टॉर्क रेंचने 40 न्यूटन-मीटरला आवळले.

त्या संध्याकाळी चढावर फक्त टायरचा आवाज ऐकू आला. मी वरपर्यंत जाऊन, खाली येऊन पुन्हा वर गेलो.

आता पुढे 42.5, मागे 42. उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडलेलं नाही. अडीच महिन्यांत चेन एकदाही उतरलेली नाही. सायकल घ्यावी का विचाराल तर हो, पण जोडून घेताना पुढचा आणि मागचा चेनलाईनचा आकडा बिलावर लिहून मागा. देत नसतील तर स्वतः व्हर्नियर घेऊन जा. आधीच घासलेलं फ्रीव्हील मी अजून बदललेलं नाही. चेन 12 इंचांवर दीड मिलिमीटर वाढली की दोन्ही एकदमच बदलेन.